खिडकीतून दिसलेला ओळखीचा मुलूख

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विमान उतरणीला लागले असताना ढगांच्या फटीतून नदीचे एक वळण दिसले, ते आपल्याच नदीचे आहे हे तुला विचार करण्याआधीच कळले, आणि पुढची दोनतीन मिनिटे शेजारच्या प्रवाशाला काही कळू न देता तू खिडकीला कपाळ टेकून बसलास, हा मजकूर मी दोनदा वाचला. त्याखाली तुझी एक तक्रारही आहे. घरी आल्यावर हे सगळे लिहून काढायला बसलास, तर कागदावर एवढेच उतरले की सारे काही खेळण्यासारखे इवलेसे दिसत होते. आतून हलवून सोडणारे काही घडले असताना लिहिताना त्याचे इतके फिके वाक्य का झाले, असे तू विचारतोस. माझी उमेदीची वर्षे नकाशे काढण्यात आणि ते वाचायला शिकवण्यात गेली, म्हणून हा प्रश्न तू माझ्याकडे आणलास हे मला आवडले. उत्तर देताना मात्र मला नकाशांइतकेच माझ्या एका चुकीविषयी बोलावे लागणार आहे.

आधी त्या ‘इवलेसे’ या शब्दाचे पाहू. हा शब्द खोटा नाही, पण तो त्या जागेविषयी काहीच सांगत नाही. तो फक्त तुझ्या उंचीविषयी सांगतो. दहा किलोमीटरवरून कोणताही मुलूख इवलासाच दिसणार. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो, आणि दहा किलोमीटर अंतरावर त्याचा अर्थ सुमारे तीन मीटर असा होतो. म्हणजे घराचे छप्पर ठिपक्यासारखे जाणवेल, मोठ्या झाडाचा घेर कदाचित जाणवेल, पण माणूस दिसणार नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून कोणी हात हलवत असले, तरी तुझ्या दृष्टीने तो रस्ता रिकामाच असेल. आता तुझे पत्र पुन्हा वाच. त्यात नदीच्या वळणाबद्दल एक ओळ आहे आणि त्या वळणाशी जोडलेल्या माणसांबद्दल अकरा ओळी आहेत. जे खिडकीतून दिसणे शक्यच नव्हते, त्यानेच तुझे डोळे भरून आले. तुझ्या फिक्या वाक्याचे कारण मला इथे दिसते: डोळ्यांना जे दिसले ते तू लिहिलेस, आणि जे आठवले ते, विमानातल्या अनुभवाचा भाग नव्हे असे समजून, बाजूला ठेवलेस.

तू आणखी एक आश्चर्य नोंदवले आहेस, आणि ते खरोखर विचार करण्याजोगे आहे. ती जागा तू वरून पूर्वी कधीच पाहिली नव्हतीस. मग ओळखलीस कशी? बालपणी आपण जागा शिकतो त्या पायांनी. वळणे, चढ, दम लागण्याची ठिकाणे, सावलीचे तुकडे अशा क्रमाने ती आपल्यात साठते. त्या साखळीतून वरून दिसणारी आकृती आपोआप कशी तयार होते, हा प्रश्न अभ्यासकांनाही दीर्घकाळ पडलेला आहे. १९४८ साली एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने चक्रव्यूहात फिरणाऱ्या उंदरांच्या प्रयोगांवरून असे मांडले की, प्राणी केवळ ‘इथे डावीकडे, तिथे उजवीकडे’ एवढेच शिकत नाही, तर त्याच्या मेंदूत त्या जागेचा नकाशासारखा एक आराखडा तयार होतो. पुढे १९७१ साली जॉन ओकीफ यांनी उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी दाखवून दिल्या, ज्या तो प्राणी विशिष्ट ठिकाणी आला की सक्रिय होतात. आणि २००५ साली मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेने जाळीसारख्या नियमित अंतरांवर सक्रिय होणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिप्पोकॅम्पस हाच भाग आपल्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या आठवणींसाठीही अत्यावश्यक आहे, हे मला या साऱ्या संशोधनातले सर्वांत हृद्य सत्य वाटते. जागा आणि प्रसंग यांचे घर मेंदूतही जवळजवळ एकच आहे. नदीचे वळण दिसताच माणसे उभी राहिली यात तुझी भावविवशता नाही. त्या दोन्ही गोष्टी एकत्रच ठेवलेल्या होत्या.

परंतु चालून शिकलेली जागा आणि वरून शिकलेली जागा यांत फरक असतोच. १९८२ साली पेरी थॉर्नडाइक आणि बार्बरा हेझ-रॉथ या संशोधकांनी एका मोठ्या इमारतीत वावरून ती शिकलेले लोक आणि तिचा केवळ नकाशा पाहून शिकलेले लोक यांची तुलना केली. नकाशा पाहिलेल्यांना दोन ठिकाणांमधले सरळ रेषेतले अंतर अधिक चांगले सांगता आले. चाललेल्यांना प्रत्यक्ष वाटेची लांबी आणि आपण उभे आहोत तिथून एखादे ठिकाण कोणत्या दिशेला आहे हे अधिक चांगले सांगता आले. हा निष्कर्ष मी वर्गात अनेकदा सांगितला, पण त्याचे वजन मला स्वतःला फार उशिरा कळले. विमान पूर्ण वेगात असते तेव्हा मिनिटाला सुमारे चौदा किलोमीटर मागे पडतात; जी वाट चालायला तुला लहानपणी तास लागत असे, ती वीसएक सेकंदांत संपते. तो तास म्हणजे ऊन होते, तहान होती, बरोबरच्या माणसाशी झालेले बोलणे होते. वीस सेकंदांच्या चित्रात यातले काही मावत नाही, आणि तरीही ते चित्र अतिशय स्वच्छ, संपूर्ण आणि म्हणूनच अधिकारवाणीने बोलणारे असते. धोका आहे तो इथे.

आता माझी चूक सांगतो. माझ्या थोरल्या भावाने मला नदीत पोहायला शिकवले. त्या दिवसांची माझी आठवण एकाच चित्रात साठलेली होती: छातीभोवती गार पाण्याचा विळखा, पोटाखाली भावाचा पंजा, नाकात शिरलेले पाणी, आणि डाव्या हाताला काळा, बोडका डोंगर. डोंगर डावीकडे, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. भाऊ गेल्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी विमानातून मला तो सगळा पट्टा दिसला. हवा स्वच्छ होती, ऊन तिरके होते, आणि डोंगराची सावली इतकी ठसठशीत पडली होती की चूक होण्याला वावच नव्हता. डोंगर नदीच्या उजव्या तीरावर होता. नदीचा डावा-उजवा तीर पाणी जिकडे वाहते तिकडे तोंड करून ठरवतात, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी तो हजारो वेळा लावला होता आणि तेव्हाही लावला. घरी येऊन वहीत लिहून ठेवले की, लहानपणची आठवण चुकीची होती, डोंगर उजवीकडे आहे. इतकेच करून थांबलो असतो तरी चालले असते. पण त्यानंतर पोहण्याची आठवण आली की मला ती वरूनच दिसू लागली: निळसर पट्टी, तिच्या उजव्या बाजूला डोंगर, आणि पाण्यात दोन ठिपके. ठिपक्यांना पंजा नसतो. गार पाण्याचा विळखा नसतो. भावाचा स्पर्श माझ्या हातून अशा रीतीने निसटला, आणि तो मी स्वतःच, अचूकतेच्या हौसेपायी, निसटू दिला.

हे माझ्यापुरते नव्हते हे मला नंतर कळले. १९८३ साली जॉर्जिया निग्रो आणि उलरिक नायसर यांनी दाखवले की, माणसे आपल्या आठवणी दोन प्रकारे पाहतात: कधी त्या प्रसंगात होतो तशा स्वतःच्या डोळ्यांतून, तर कधी बाहेर उभ्या असलेल्या त्रयस्थाच्या जागेवरून, जिथून स्वतःचीच आकृती दिसते. प्रसंग जुना होत जातो तसे बाहेरून पाहणे वाढते, आणि भावनांकडे लक्ष देऊन आठवले तर आतून पाहणे वाढते, असे त्यांना आढळले. विमानाची खिडकी आपल्याला त्रयस्थाची जागा आयतीच देते, आणि इतक्या मोहक रूपात देते की तिथून उठावेसे वाटत नाही. शिवाय आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे, तर दरवेळी नव्याने बांधली जाणारी गोष्ट आहे, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. २००० साली करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत असेही दाखवले की, जागी झालेली भीतीची आठवण काही काळ पुन्हा कच्ची होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. उंदरांच्या भीतीवरून माणसांच्या गहिवराविषयी थेट अनुमान काढणे घाईचे होईल. तरी माझ्या वहीतील त्या दुरुस्तीकडे पाहिले की मला वाटते, माझी आठवण त्या सकाळी नेमकी अशीच कच्ची झाली होती आणि वरचे चित्र तिच्यावर ओले असतानाच उमटले.

म्हणून तुला माझे पहिले सांगणे असे आहे की, ज्या मुलखावरून जाणार आहेस हे आधी माहीत असेल, त्याची जमिनीवरची आठवण विमानात बसण्यापूर्वीच लिहून ठेव. या वेळी ते राहून गेले आहे. तेव्हा निदान आता, वरचे चित्र अजून ताजे असताना, दोन वेगळ्या कागदांवर दोन वेगळ्या नोंदी कर. एका कागदावर फक्त पायांना, कातडीला, कानांना आणि नाकाला माहीत असलेले लिही. दुसऱ्यावर खिडकीतून दिसलेले लिही. पहिल्यातले काही दुसऱ्याशी जुळले नाही, तर खोडू नकोस. शेजारी प्रश्नचिन्ह कर आणि ते तसेच राहू दे. पहिल्या कागदाला मोजपट्टी लावायची घाई मी केली, ती तू करू नकोस.

दुसऱ्या कागदावरची नोंद भरीव होण्यासाठी पाहणेही नीट शिकावे लागते. ‘इवलेसे’ हा शब्द बहुधा घाईने पाहिल्याचा असतो. जागा निवडता येत असेल तर पंखाच्या पुढची निवड. पंखावर बसलास तर खालचे दिसत नाही, आणि इंजिनाच्या थेट मागे बसलास तर गरम झोतामुळे दृश्य थरथरते. भर दुपारी जमीन सपाट आणि बेचव दिसते, कारण सावल्या पायाखाली गोळा झालेल्या असतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात बांध, घळी, टेकाडे, सारे आपापल्या सावलीसह उठून येते. सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलेल्याच्या डोळ्यांत ऊन येत नाही आणि जमिनीचे रंग खरे दिसतात. खाली ढग असतील तर त्याच बाजूला विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कड्यांचे वलयही दिसू शकते. सूर्याच्या बाजूला बसलेल्याला मात्र पाणी दिसते. तळी, कालवे, भरलेली शेते एकामागून एक चमकून विझतात, आणि इतर वेळी लपलेले सगळे पाणी काही क्षण स्वतःची जागा सांगून जाते. दूरचे निळसर होत जाते ते हवेमुळे. मधल्या हवेने विखुरलेला निळा प्रकाश आपल्या आणि डोंगरांच्या मध्ये पडद्यासारखा येतो. दहा किलोमीटरवरून क्षितिज सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असते, पण तिथवर पाहण्याचा हट्ट धरू नये. जवळचे पाहावे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचे विमान उतरण्याच्या ठिकाणाच्या साधारण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आधीपासून खाली येऊ लागते, आणि ओळखीचा मुलूख त्या पट्ट्यात असेल तर तुझे नशीब चांगले, कारण एक किलोमीटर उंचीवर आल्यावर त्याच डोळ्याला तीस सेंटिमीटरचा बारकावा दिसू लागतो.

ओळख पटवताना गावे शोधू नकोस, रेषा शोध. वरून गावे एकमेकांसारखी दिसतात, नद्या मात्र एकमेकींसारख्या दिसत नाहीत. रेल्वेमार्ग रस्त्यापासून वेगळा ओळखता येतो, कारण गाडीला तीव्र वळण घेता येत नाही आणि रूळ लांबलचक, सौम्य कमानींनीच वळतात. नदीजवळ चंद्रकोरीसारखे तळे दिसले, तर समज की ते नदीचे जुने वळण आहे. पुराच्या पाण्याने कधीतरी जवळची वाट कापली आणि ते वळण मागे राहिले. कोरड्या शेतात तशाच आकाराचा गडद पट्टा दिसला, तर तिथेही पूर्वी पाणी वाहिलेले असू शकते. हे दिसू लागले की मनाची स्थिती बदलते. आपण आठवणी घेऊन जमिनीकडे पाहत असतो आणि जमीनही स्वतःचे जुने काही धरून बसलेली आहे हे जाणवते. पुरलेल्या खंदकात माती खोल आणि ओलसर असते, म्हणून तिच्यावरचे पीक उंच आणि अधिक हिरवे वाढते. गाडलेल्या भिंतीवरचे पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते. जमिनीवर उभ्या माणसाला या फरकाची आकृती कळत नाही, वरून ती पुस्तकातल्या चित्रासारखी कळते. १९०६ साली ब्रिटिश लष्कराच्या फुग्यातून स्टोनहेंजची छायाचित्रे घेतली गेली, आणि पहिल्या महायुद्धानंतर विमानांतून काढलेल्या छायाचित्रांनी कितीतरी बुजलेल्या वसाहती उजेडात आणल्या. तुझ्या ओळखीच्या मुलखातही तुझ्या आधी राहून गेलेल्यांच्या खुणा असतील. त्या शोधायला शिकलास, तर आपल्या आठवणीचा भार एकट्याला वाहावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

छायाचित्रे काढू नयेत असे मी म्हणणार नाही. एकदोन जरूर काढ, म्हणजे नंतर नकाशाशी ताडून पाहता येईल. पण लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात केलेला प्रयोग ध्यानात ठेव. ज्या वस्तूंचे पूर्ण छायाचित्र काढले, त्यांचे तपशील लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर लक्ष आणून छायाचित्र काढले, त्यांची आठवण मात्र तशी उणावली नाही. म्हणून अख्खा मुलूख टिपण्याच्या मागे लागू नकोस. एक बांध, एक पूल, पाण्याची एक कड पुरेशी आहे.

आता ज्याविषयी तू अगदी शेवटी, जणू संकोचून, एक वाक्य लिहिले आहेस त्याकडे येतो: ‘आनंद व्हायला हवा होता, पण दुखलेच जास्त.’ यात संकोचण्यासारखे काही नाही. नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे आपल्या प्रबंधात घडवला, तो परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून. घरापासून दूर असलेल्यांना होणारा तो एक आजारच आहे असे त्याने मानले होते. आज त्याला कोणी आजार म्हणत नाही, तरी त्या शब्दातली जोडणी मला अजून नेमकी वाटते. खिडकीतून दिसणारा ओळखीचा मुलूख परत आल्याचा भास देतो, मात्र खाली उतरू देत नाही. तुला तो ओलांडून जावे लागते. आगगाडीने जाणाऱ्याला निदान एखाद्या स्थानकावर हवा तरी लागते. विमानात तीही लागत नाही. आणि त्यातच ती जागा बदललेली असते: जिथे झाडी होती तिथे मोकळी जमीन, जिथे पायवाट होती तिथे रुंद रस्ता. उंचीवरून हे बदल एकाच नजरेत अंगावर येतात, एकेक करून सवय होण्याची सवड मिळत नाही. दुखले ते यामुळे, आणि दुखू द्यावे. फक्त त्या दुखण्यावरून ती जागा मेली असा निष्कर्ष काढू नये, कारण तिथे आता कोण राहते, कोणत्या सावलीत बसते, हे तीन मीटरहून लहान असल्यामुळे तुला दिसलेले नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत त्या वळणापाशी चालत जा. दोन्ही कागद बरोबर ने. प्रश्नचिन्हे जिथे केली आहेस, तिथे थांब आणि नुसते पाहू नकोस. लहानपणी तिथे जे करत होतास ते कर.

मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. वहीतल्या दुरुस्तीला तोवर बरीच वर्षे झाली होती आणि तिच्याविषयी मला शंकाही उरली नव्हती. डोंगर उजव्या तीरावर होता, विमानातून पाहिला होता तसाच. पाणी कमी होते. मी चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरलो, आणि तोल जाऊ नये म्हणून नकळत प्रवाहाकडे तोंड करून उभा राहिलो, येणाऱ्या पाण्याकडे, जसा भाऊ मला नेहमी उभा करत असे. पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून तो मला उलट्या दिशेलाच पोहायला लावी. डोंगर माझ्या डाव्या हाताला होता.

तुझ्या दोन कागदांची वाट पाहतो. बाकी भेटीत बोलू.